जुना संगणक ‘दिसत नाही’ की ‘उघडत नाही’? घरच्या नेटवर्कवर पुन्हा पुन्हा येणारी अडचण

“परवापर्यंत चालत होतं, मी काहीही बदललं नाही, आणि आज जुना संगणक दिसतच नाही.” घरात एक जुना आणि एक नवा संगणक जोडलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य कधी ना कधी येतंच. माझ्या तोंडी ते दोन वर्षांत पाच वेळा आलं. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज एक्सपी आहे. तो मी मोडीत काढलेला नाही, कारण त्याला जोडलेला निगेटिव्ह स्कॅन करायचा स्कॅनर आजही उत्तम चालतो. फक्त त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे कधी निघालाच नाही. स्कॅन झालेले फोटो उचलून नव्या लॅपटॉपवर आणायचे, एवढंच काम. पहिली तीन वेळा गाडी अडली तेव्हा मी आधीच्या खेपेला लागू पडलेला उपायच करून बघितला आणि प्रत्येक वेळी अख्खी संध्याकाळ त्यात गेली. पाचही वेळा पडद्यावरचं चित्र तेच होतं, बिघाड मात्र पाच वेगवेगळे होते.

म्हणून सगळ्यात आधी एक फरक मनात पक्का करा. ‘दिसत नाही’ ही एक तक्रार आहे आणि ‘उघडत नाही’ ही दुसरी. बहुतेक जण पहिल्या तक्रारीवर दुसरीचे उपाय करत बसतात: फायरवॉल बंद कर, राउटर रीसेट कर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यात फायरवॉल बंद केलेली राहून जाते ती वेगळीच.

(खालचे सगळे हुकूम आणि पत्ते मी देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच रोमन अक्षरांत आणि आकड्यांत टाकायचे.)

नेटवर्कच्या यादीवर विसंबू नका

फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडे ‘नेटवर्क’ असं लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक केलं की घरातल्या संगणकांची यादी यायला हवी, असं आपण धरून चालतो. पण ही यादी जुन्या आणि नव्या विंडोजमध्ये दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी बनते. एक्सपीच्या काळात नेटवर्कवरचा एक संगणक वर्गातल्या मॉनिटरसारखा हजेरी ठेवायचा आणि बाकीचे त्याच्याकडून यादी घ्यायचे. ही सारी नेटबायोस नावाची जुनी पद्धत. नवं विंडोज हे काम डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाच्या पद्धतीने करतं: प्रत्येक संगणक स्वतःच ‘मी इथे आहे’ असं पुकारतो. एक्सपीला ही पुकारण्याची रीत ठाऊकच नाही. त्यामुळे सगळं शंभर टक्के बरोबर असलं तरी विंडोज १० किंवा ११ च्या यादीत एक्सपीवाला संगणक न दिसणं हेच अपेक्षित आहे. तो बिघाड नाही.

विंडोज ७ ची गोष्ट वेगळी आहे. त्याला डब्ल्यूएस-डिस्कव्हरी येतं, म्हणून तो दिसायला हवा. दिसत नसेल तर ज्या संगणकाचं नाव गायब आहे त्याच्यावर सर्व्हिसेसच्या खिडकीत ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा चालू आहे का बघा. ती ‘मॅन्युअल’वर असेल तर ‘ऑटोमॅटिक’ करा. आपलं नाव पुकारायचं काम हीच सेवा करते आणि बऱ्याचदा ती गुपचूप बंद पडलेली असते.

यादी सोडून द्यायची आणि थेट पत्त्यावर जायचं. जुन्या संगणकावर ‘रन’ उघडून ‘सीएमडी’ टाका, काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहून एंटर दाबा. ‘आयपी ॲड्रेस’समोर जे चार आकडे येतील ते कागदावर उतरवून घ्या. समजा १९२.१६८.१.२० आले. आता नव्या संगणकाच्या फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत \\१९२.१६८.१.२० असं टाका. सुरुवातीचे दोन दांडे उलटे तिरके हवेत. साधे तिरके दांडे दिले तर काही वेळा ब्राउझरच उघडतो आणि माणूस भलत्याच वाटेला लागतो.

फोल्डर उघडला तर तुमची तक्रार फक्त ‘दिसत नाही’ एवढीच होती. त्या फोल्डरचा शॉर्टकट डेस्कटॉपवर काढून ठेवा. यादी दुरुस्त करण्यात वेळ घालवायची गरज नाही. वर्कग्रुपचं, म्हणजे संगणकांच्या गटाचं, नाव दोन्हीकडे सारखं हवं, हा सल्लाही याच यादीपुरता खरा आहे. एक्सपी होममध्ये ते मुळात ‘एमएसहोम’ असतं आणि इतरत्र ‘वर्कग्रुप’, त्यामुळे जुन्या यादीत दोन घरं वेगळी पडायची. थेट पत्त्याने जाताना नावाने काही अडत नाही.

फोल्डर उघडला नाही, तर घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायचं. शोधायचा क्रम ठरलेला आहे: आधी रस्ता, मग भाषा, मग ओळख, आणि शेवटी परवानगी. हा क्रम मोडू नका. रस्ताच नसताना पासवर्ड बदलून हाती काहीच लागत नाही.

रस्ता आहे का

दोन्ही संगणकांवरून आधी राउटरला पिंग करा (काळ्या खिडकीत ‘पिंग’ आणि पुढे पत्ता लिहून उत्तर येतं का बघा), मग नव्यावरून जुन्याला. एकमेकांनाच पिंग करून निष्कर्ष काढू नका. एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून आणि नव्या विंडोजमध्येही फायरवॉल पिंगला उत्तर देऊ देत नाही, म्हणून उत्तर न येणं हा रस्ता नसल्याचा पुरावा ठरत नाही. राउटर मात्र सहसा उत्तर देतो.

जुन्या संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःहून एक धरून घेतला आहे. केबल काढून घाला, दुसऱ्या पोर्टात लावून बघा, कार्डाजवळचा हिरवा दिवा पेटतो का बघा. दोन्ही पत्ते बरोबर दिसतात पण तिसरा आकडा वेगळा आहे, म्हणजे एक १९२.१६८.१ मध्ये आणि दुसरा १९२.१६८.० मध्ये, असं असेल तर घरात बहुधा दोन राउटर एकामागे एक लागलेले आहेत. एक इंटरनेट देणाऱ्याने बसवलेला, एक तुम्ही वायफायसाठी आणलेला. दोघंही आपापल्या परीने पत्ते वाटतात आणि जुना-नवा वेगळ्या गल्लीत राहायला जातात. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकलं की सगळे एकाच गल्लीत येतात. एक्सपीच्या फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगची सूट मुळात ‘फक्त माझं सबनेट’, म्हणजे त्याच गल्लीतले पत्ते, एवढ्यापुरतीच असते, म्हणून दुसऱ्या गल्लीतून ठोठावलं तर दार उघडतच नाही.

वायफायवर आणखी दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे ‘गेस्ट’ नेटवर्क: त्यावरची उपकरणं इंटरनेटवर जातात पण एकमेकांना भेटू शकत नाहीत, तसंच करायला ते बनवलेलं असतं. दुसरी म्हणजे राउटरची सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए ३ वर असेल तर जुनं कार्ड जोडलंच जात नाही. डब्ल्यूपीए २ आणि ३ ची मिश्र सोय असते, ती ठेवा. जुन्या कार्डासाठी सुरक्षा कमी करत डब्ल्यूईपी या जुन्या, कच्च्या पद्धतीपर्यंत मात्र जाऊ नका. त्यापेक्षा त्या संगणकाला केबल लावा. जुन्या यंत्रासाठी केबलच उत्तम, हे माझं ठाम मत आहे.

राउटर मध्ये न घेता दोन संगणक थेट एका केबलने जोडले असतील तर एक गोष्ट दर वेळी छळते. दोन्हींकडे गेटवे (बाहेरचा रस्ता दाखवणारा राउटर) नसल्यामुळे नवं विंडोज त्या जोडणीला ‘अनोळखी नेटवर्क’ म्हणतं, अनोळखी म्हणून ‘पब्लिक’ धरतं आणि शेअरिंग बंद करतं. प्रो आवृत्तीत ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’मध्ये ‘नेटवर्क लिस्ट मॅनेजर पॉलिसीज’ आहे, तिथे अनोळखी नेटवर्कला ‘प्रायव्हेट’ ठरवता येतं. होम आवृत्ती असेल तर मध्ये एक साधा स्विच किंवा राउटर आणणं सोपं पडतं.

भाषा एक आहे का

खरी गंमत इथे आहे आणि बहुतेक जोडण्या इथेच तुटतात. फाइल शेअरिंगची भाषा म्हणजे एसएमबी. तिचा जन्म १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाला. एक्सपी फक्त तिची पहिली आवृत्ती बोलतो, म्हणजे एसएमबी १. व्हिस्टाबरोबर एसएमबी २ आली, विंडोज ७ मध्ये २.१, आणि विंडोज ८ पासून ३. दोन संगणक भेटले की दोघांना येणारी सर्वांत नवी आवृत्ती निवडतात. विंडोज ७ आणि विंडोज ११ भेटले तर २.१ वर जमतं. एक्सपी आणि विंडोज ११ भेटले तर समाईक भाषा एकच उरते, ती पहिली.

आणि तीच नव्या विंडोजमधून काढून टाकली आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर व्हायरस जगभर पसरलं ते एसएमबी १ मधल्याच भोकातून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये एसएमबी १ चा सर्व्हर भाग (दुसऱ्याला फाइल देणारा) येतच नाही. क्लायंट भाग (दुसऱ्याकडून फाइल आणणारा) काही आवृत्त्यांत आला, पण संगणक चालू असलेले १५ दिवस तो कुणी वापरला नाही तर विंडोज स्वतःच तो काढून टाकतं. माझ्या दुसऱ्या खेपेचं कारण हेच होतं. काही आठवडे स्कॅनिंगला सवड मिळाली नाही, जुना संगणक बंदच होता, आणि तेवढ्यात लॅपटॉपने ती भाषा टाकून दिली. “मी काहीही बदललं नाही” हे माझं वाक्य खरं होतं. बदल विंडोजने केला होता.

ओळखायचं कसं? नव्या संगणकावर ‘या शेअरला जुना एसएमबी १ लागतो आणि तो सुरक्षित नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर प्रश्नच मिटला. पण पुष्कळदा नुसता ०एक्स८००७००३५ हा आकडा आणि ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ एवढंच येतं. पत्ता बरोबर आहे, दोन्ही संगणक राउटरपर्यंत पोचतात, जुन्याच्या फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगला सूट आहे, तरी हा आकडा येतो आणि समोर एक्सपी आहे, तर भाषेचाच संशय घ्या.

समोर विंडोज ७ असेल तर इथे थांबा. त्याला एसएमबी १ ची गरजच नाही. ‘विंडोज ७ ला जोडायचं तर नव्यावर एसएमबी १ चालू करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. तिथला दोष बहुतेक वेळा पुढच्या पायरीवर, ओळखीत असतो.

एक्सपीसाठी एसएमबी १ चालू करायचंच ठरवलं, तर ते कसं करता याला फार महत्त्व आहे. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ची खिडकी उघडा आणि यादीत ‘एसएमबी १.०/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट’ शोधा. त्याच्या डावीकडच्या अधिकच्या चिन्हावर क्लिक केलं की आत तीन चौकोन दिसतात: ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’, ‘क्लायंट’ आणि ‘सर्व्हर’. घाईत वरच्या मोठ्या चौकोनावर टिचकी मारली तर तिन्हींवर खुणा होतात. म्हणजे नको असलेला सर्व्हर चालू होतो आणि आपोआप काढून टाकणारा भागही सोबत येतो. खूण फक्त मधल्या ‘क्लायंट’वर ठेवायची, बाकी दोन्ही रिकामे, मग रीस्टार्ट.

फक्त क्लायंट, याचा अर्थ नवा संगणक जुन्याकडे जाऊन फाइल आणू शकतो, पण जुन्या भाषेत कुणी नव्याचं दार ठोठावलं तर ते उघडत नाही. दिशा अशीच ठेवा. एक्सपीवरून लॅपटॉपमध्ये फाइल ढकलायची सवय असेल तर ती मोडा. उलट बसून लॅपटॉपवरून ओढा.

एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळालेले नाहीत. त्याला घरच्या नेटवर्कवर ठेवायचं पण इंटरनेटपासून तोडायचं, यासाठी मी एक साधी युक्ती वापरतो. नेटवर्क कार्डाच्या टीसीपी/आयपीच्या खिडकीत पत्ता हाताने भरायचा: १९२.१६८.१.२०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ व ‘डीएनएस’चे रकाने रिकामे सोडायचे. विंडोज कुरकुर न करता ते मान्य करतं. गेटवे नाही म्हणजे घराबाहेरचा रस्ताच त्याला माहीत नाही, आणि घरातल्या घरात मात्र सगळं चालतं.

ओळख पटते का

नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली तर खूश व्हा. रस्ता आहे आणि भाषा जुळली आहे. अडलं आहे ते ओळखीवर.

जुन्या संगणकावर खात्याला पासवर्डच नसणं हे सगळ्यात नेहमीचं कारण. घरातला संगणक, कशाला हवा पासवर्ड, म्हणून तो कधी ठेवलेलाच नसतो. पण विंडोज रिकाम्या पासवर्डाचं खातं फक्त त्याच संगणकासमोर बसणाऱ्यासाठी चालवतं, नेटवर्कवरून आलेल्याला परत पाठवतं. यावर मी जुन्या संगणकावर शेअरिंगपुरतं एक वेगळं खातं काढलं, त्याला पासवर्ड दिला, आणि नव्यावरून विचारल्यावर तेच नाव टाकतो, तेही पूर्ण रूपात: आधी जुन्या संगणकाचं नाव, मग एक उलटा तिरका दांडा, मग खात्याचं नाव. नुसतं खात्याचं नाव टाकलं तर लॅपटॉप कधीकधी ते स्वतःचंच खातं समजून घोळ घालतो. उलट दिशेने, म्हणजे विंडोज ७ वरून विंडोज ११ कडे जाताना, लोक रोजचा पिन टाकतात आणि तो घेतला जात नाही. पिन त्या एका यंत्रापुरता असतो. नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्डच लागतो.

पासवर्ड बरोबर आहे, तरी ‘चूक’ म्हणतो. माझी चौथी खेप. जुन्या संगणकावरचा पासवर्ड मी बदलला होता, आणि लॅपटॉप मात्र मला न विचारता आपल्याकडे साठवलेला जुना पासवर्डच पाठवत होता. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ आहे, त्यात ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’. तिथे जुन्या संगणकाच्या नावाच्या किंवा पत्त्याच्या ज्या नोंदी असतील त्या काढून टाका. नावाची एक आणि पत्त्याची एक अशा दोन नोंदीही असू शकतात, दोन्ही काढा. त्यानंतर काळ्या खिडकीत ‘नेट यूज * /डिलीट’ दिलं की अर्धवट लोंबकळणाऱ्या जोडण्याही सुटतात. ‘एकाच सर्व्हरला एकाहून अधिक नावांनी जोडता येत नाही’ असा संदेश येत असेल तर त्याचाही उपाय हाच.

विंडोज ७ किंवा जुनी नेटवर्क डिस्क वर्षानुवर्षं ‘गेस्ट’ म्हणून, विनापासवर्ड उघडत होती आणि नवा लॅपटॉप आल्यावर किंवा मोठं अपडेट झाल्यावर बंद पडली, तर ते ठरवून केलेलं आहे. २०२४ च्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्येही विनाओळख पाहुण्याला जोडू देत नाहीत, आणि फाइलच्या प्रत्येक देवाणघेवाणीवर सही मागतात. पाहुण्याला सही करता येत नाही, म्हणून दार बंद. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंदवही, बदलून पाहुण्याला पुन्हा आत घ्यायच्या युक्त्या आहेत, पण मी त्या सांगणार नाही. विंडोज ७ वर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू करून एक खातं काढणं पाच मिनिटांचं काम आहे आणि ते पुढच्या अपडेटमध्ये मोडत नाही.

परवानगी

इथे थोडक्यात. फोल्डर उघडतो, पण ‘प्रवेश नाकारला’ येतं, तर शेअरची परवानगी आणि डिस्कवरची परवानगी अशा दोन्ही बघा. दोन्हींत जी कडक असेल ती लागू होते. काही फोटो उघडतात आणि काही नाही, असं असेल तर न उघडणारे बहुधा त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून ‘कट’ करून आणलेले असतात. एकाच डिस्कवर हलवलेली फाइल आपली जुनी परवानगी सोबत घेऊन येते, कॉपी केलेली फाइल मात्र नव्या फोल्डरची परवानगी घेते.

आणि एक्सपीचा एक खास आजार: नव्या संगणकावर ‘नॉट इनफ सर्व्हर स्टोरेज’ असा संदेश येतो, आणि तिकडे डिस्कवर तर भरपूर जागा असते. याचा डिस्कशी काही संबंध नाही. जुन्या संगणकावर रजिस्ट्रीत ‘लॅनमनसर्व्हर’च्या ‘पॅरामीटर्स’मध्ये ‘आयआरपीस्टॅकसाइझ’ ही किंमत असते, नसेल तर डीवर्ड प्रकारची नवी बनवावी लागते. ती मुळात १५ धरलेली असते. तीन-तीनने वाढवत जा आणि दर वेळी रीस्टार्ट करा. बऱ्याचदा अँटीव्हायरस टाकल्यानंतर हे सुरू होतं.

दुरुस्त झालेलं पुन्हा का बिघडतं

पत्ता बदलतो, हे पहिलं कारण. राउटर पत्ते भाड्याने दिल्यासारखे देतो. वीज गेली, राउटर पुन्हा चालू झाला की जुन्या संगणकाचा २० चा २३ होतो आणि तुमचा शॉर्टकट रिकाम्या घराकडे बोट दाखवतो. वर सांगितल्याप्रमाणे पत्ता हाताने भरला असेल तर हे टळतं, फक्त राउटर ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा निवडा, नाहीतर तोच पत्ता एखाद्या दिवशी फोनला मिळेल आणि दोघंही अडखळतील.

राउटर बदलला किंवा वायफायचं नाव बदललं की नवं विंडोज त्या नेटवर्कला नवखं समजतं आणि ‘पब्लिक’ ठरवतं. सेटिंग्जमध्ये त्या जोडणीच्या गुणधर्मांत जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करा. वेगळं अँटीव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉलही हाच भेद वेगळा करते, तिथेही बघा.

जोडलेल्या ड्राइव्हवर लाल फुली दिसते आणि क्लिक केल्यावर उघडतो, तर तो बिघाडच नाही. १५ मिनिटं काही हालचाल झाली नाही की जुना संगणक जोडणी सोडून देतो. फारच खटकत असेल तर जुन्या संगणकावर ‘नेट कॉन्फिग सर्व्हर /ऑटोडिसकनेक्ट:-१’ द्या.

आणि पाचवी खेप, जी मला शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सगळं बरोबर: पत्ता, भाषा, खातं. तरी ओळख पटेना. शेवटी जुन्या संगणकाच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात सहज नजर गेली तर तारीख जानेवारी २००२. मदरबोर्डवरचा सेल संपला होता. पासवर्ड तपासण्याच्या नव्या पद्धतीत वेळेचा शिक्काही असतो, आणि दोन घड्याळांत इतकी वर्षं अंतर पडलं की ती ओळख नाकारली जाऊ शकते. तारीख हाताने लावताच फोल्डर उघडला, पण संगणक बंद करून भिंतीवरचं बटण बंद केलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा २००२. सीआर २०३२ हा गोल चपटा सेल बदलला, सपाट अधिकची बाजू वर ठेवून, आणि प्रकरण मिटलं. तुमची जोडणी संगणक पूर्ण बंद करून ठेवल्यावरच तुटत असेल तर इतर काही करण्याआधी तारीख बघा.

एसएमबी नकोच असेल तर

लॅपटॉप विंडोज ११ वर गेल्यापासून मी एसएमबी १ चा क्लायंटही काढून टाकला. मला फाइल एकाच दिशेने आणायच्या असतात, त्यासाठी दुसरी वाट जास्त सरळ आहे. एक्सपीवर पायथॉन ३.४ टाकलं, एक्सपीवर चालणारी ती शेवटची आवृत्ती. काळ्या खिडकीत स्कॅनच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘पायथॉन -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००’ दिलं की तो फोल्डर एका साध्या वेबपानासारखा उपलब्ध होतो. पहिल्या वेळी फायरवॉल विचारते, ‘अनब्लॉक’ म्हणा. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ‘एचटीटीपी’पासून पूर्ण पत्ता टाका, शेवटी अपूर्णविराम आणि ८०००. फाइलींची यादी येते, क्लिक केलं की उतरते. फोटो शेकड्यांनी असतील तर जुन्या संगणकावरच त्या फोल्डरची झिप बनवून एकच फाइल उतरवा. काम झालं की काळी खिडकी बंद, दार बंद. इथे पासवर्ड नाही, त्यामुळे ती खिडकी उघडी टाकून उठू नका आणि फोल्डर नेमका तेवढाच निवडा, अख्खी डिस्क नको.

“एवढं करण्यापेक्षा पेनड्राइव्ह काय वाईट?” हा प्रश्न मला घरातूनच विचारला गेला. जुन्या संगणकाचं यूएसबी १.१ असेल तर त्याचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे फार तर दीड एमबी. त्याच संगणकाचं साधं १०० मेगाबिटचं नेटवर्क कार्ड सेकंदाला ११ एमबीच्या आसपास देतं. दहा जीबीचे स्कॅन केबलवरून पंधरा-सोळा मिनिटांत येतात, त्या यूएसबीवरून दोन तासांच्या वर जातात.

दुरुस्ती झाली की लगेच उठू नका. दोन्ही संगणक आणि राउटर पूर्ण बंद करा. आधी राउटर चालू करा, दोन मिनिटं थांबा, मग जुना, मग नवा. फोल्डर पुन्हा उघडला तर त्या दिवशीचा पत्ता, खात्याचं नाव आणि कोणता बदल लागू पडला ते एका चिठ्ठीवर तारखेसह लिहा आणि ती जुन्या संगणकाच्या कॅबिनेटला आतल्या बाजूने चिकटवा. माझ्या कॅबिनेटच्या पत्र्यावर अशा पाच चिठ्ठ्या आहेत, आणि आता काही अडलं की मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आधी त्या वाचतो.